टोपड्याची लेस आणि शिवलेला काष्टा

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटलं. त्याआधी तिथल्या सुखवस्तू घरांतल्या तान्ह्या बाळांच्या टोपड्यांना बोटभर रुंदीची जी नाजूक लेस लावत, ती मोठ्या प्रमाणावर इंग्लंडातल्या बकिंगहॅमशायर आणि आसपासच्या परगण्यांतून जायची. व्यापारी तिला ‘बेबी लेस’च म्हणत. ती विणणाऱ्या बायका ओल्नी, न्यूपोर्ट पॅग्नेल, स्टोनी स्ट्रॅटफर्ड आणि भोवतालच्या खेड्यांतल्या. ही तिन्ही गावं आज मिल्टन कीन्सच्या नगर परिषदेच्या हद्दीत येतात. त्याच हद्दीत आता एखाद्या शनिवारी सभागृह भाड्यानं घेऊन मराठी घरातलं बारसं होतं. बाळाच्या डोक्यावर खणाची कुंची असते आणि पाळण्याभोवती जमलेल्या आत्या-मावश्या नऊवारीत असतात.

टोपड्याची ती लेस गेली, नऊवारी मात्र सातासमुद्रापलीकडे पोचली. असं का झालं, याचं उत्तर कापडाच्या प्रतीत सापडत नाही. ते शोधायचं तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात: पोशाख घालतं कोण, बनवतं कोण आणि तो ‘बरोबर’ आहे हे ठरवतं कोण.

लेसपासून सुरुवात करू. बकिंगहॅमशायरची लेस उशीवर होई. गच्च भरलेली गोल किंवा लांबट उशी मांडीवर किंवा घोडीवर ठेवायची, नक्षीच्या ठिपक्यांवर भोकं पाडलेला चर्मपत्राचा तुकडा तिच्यावर पसरायचा, त्या भोकांत टाचण्या खोचायच्या. बारीक सूत बॉबिनवर गुंडाळलेलं असे. बॉबिन म्हणजे लाकडाची किंवा हाडाची बारीक दांडी, खाली मण्यांचा घोस अडकवलेली. त्या वजनानं सूत ताणलेलं राही. बॉबिनांच्या जोड्या एकमेकींवरून टाकत, पिळत टाचण्यांभोवती जाळी तयार होई. रुंद पट्ट्याला डझनांवारी बॉबिनं लागत. हिवाळ्यात दिवस लवकर मावळला की एका मेणबत्तीभोवती पाण्यानं भरलेले काचेचे गोळे मांडत, आणि त्यांतून एकवटलेल्या उजेडाच्या कवडशात प्रत्येकीची उशी येईल अशा बेतानं बायका गोलाकार बसत. मुली पाच-सहा वर्षांच्या झाल्या की ‘लेस स्कूल’मध्ये जात. तिथं शाळा नावापुरती. दिवसभर टाचण्या मोजत विणायचं आणि हाताला लय यावी म्हणून एका सुरात गाणी म्हणायची.

या धंद्याचं मूळ सोळाव्या शतकात फ्लँडर्सहून आलेल्या निर्वासितांशी जोडतात. दंतकथा मात्र राणीशी जोडते. आठव्या हेन्रीनं टाकलेली कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉन १५३० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळच्या अँप्टहिलला राहत होती. तिनं म्हणे आपली सगळी लेस जाळून टाकली आणि गावातल्या बायकांना काम मिळावं म्हणून नवी करायला सांगितली. दंतकथा खरी असो-नसो, २५ नोव्हेंबरचा सेंट कॅथरिनचा दिवस लेस विणणाऱ्यांचा सण झाला. त्याला ‘कॅटर्न्स’ म्हणत. काही गावांत पाच दिवसांनी, ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूच्या नावानं ‘टँडर्स’ असे. त्या दिवशी उशा बाजूला ठेवायच्या, गोड केक करायचे, खेळ खेळायचे. आपल्याकडे खंडेनवमीला कारागीर हत्यारं खाली ठेवतो, त्याच जातीची ही सुट्टी.

सणाचा दिवस होता, गाणी होती, हातात कसब होतं. तरी या बायकांच्या स्वतःच्या अंगावर लेसचं ऐश्वर्य फारसं नसे. लेस व्यापाऱ्याकडे जाई आणि तिथून लंडनला किंवा जहाजावर. कवी विल्यम कूपर १७६८ ते १७८६ या काळात ओल्नीत राहिला. १७८० मध्ये त्यानं आपल्या वकील मित्राला पत्र लिहून गावातल्या लेसकरणींची बाजू मांडली. त्याच्या अंदाजानं एवढ्याशा ओल्नीत त्या सुमारे बाराशे होत्या आणि त्यांतल्या शेकडोंची अवस्था उपासमारीच्या उंबरठ्यावरची होती. कूपर त्यांच्याच बाजाराच्या चौकात राहत होता. ज्या घरात तो राहिला तिथं आता त्याचं आणि त्याचा मित्र जॉन न्यूटनचं संग्रहालय आहे, आणि त्यात लेसचाही मोठा संग्रह आहे.

या घरांतले कौटुंबिक प्रसंग लेसवर उमटले नाहीत. ते उमटले हत्यारांवर. हाडाच्या बॉबिनवर बारीक ठिपके कोरून, त्यांत लाल-निळा रंग भरून नावं लिहीत. कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, कुणाचा मृत्यू, कुणाला दिलेलं प्रेमाचं वचन. बेडफर्डच्या तुरुंगाबाहेर जाहीर फाशी होत असे त्या काळात फाशी गेलेल्याचं नाव आणि साल कोरलेली बॉबिनंही विकली गेली. एखादीच्या उशीवरची बॉबिनं ओळीनं वाचली तर तिच्या घराची अर्धीअधिक हकिगत कळावी. माल विकला गेला, आठवणी हाडांच्या दांड्यांवर राहिल्या.

त्याच सुमारास इंग्लंडच्या राजघराण्यानं लेसला घरच्या समारंभात मानाची जागा दिली. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियानं लग्नात पांढरा पोशाख आणि डेव्हनमधल्या हॉनिटनची लेस वापरली. पुढच्या वर्षी थोरल्या मुलीच्या नामकरणासाठी हॉनिटनच्याच लेसचा झगा शिवला. तो झगा राजघराण्यातल्या बाळांनी २००४ पर्यंत घातला; त्यानंतर तो जीर्ण झाला म्हणून त्याची हुबेहूब प्रत करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या एकच झगा उतरत जाणं ही रीत मोठ्या घरांत पक्की झाली, पण तोवर ओल्नीकडच्या लेसकरणींच्या पायाखालची वाळू सरकली होती. जॉन हीथकोटनं १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, पाठोपाठ नॉटिंगहॅमच्या यंत्रांनी नक्षीही विणायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या युद्धानं ‘बेबी लेस’चं मोठं गिऱ्हाईक तोडलं. १८७० च्या शिक्षण कायद्यानं मुलांना खऱ्या शाळेत नेलं आणि लेस स्कूल ओस पडू लागल्या. १९०६ मध्ये हॅरी आर्मस्ट्राँग यानं ओल्नीत घरबसल्या विणणाऱ्या बायकांकडून लेस घेऊन टपालानं विकणारी एजन्सी काढली आणि १९२८ मध्ये तिच्यासाठी इमारतही बांधली. त्यानं धंद्याला आणखी काही वर्षं मिळाली. आज उशीवरची लेस विणतात ती छंद म्हणून, वर्गांत आणि मंडळांत.

याच काळात उत्तर समुद्रापलीकडे नॉर्वेत उलट दिशेनं गाडी निघाली होती.

नॉर्वे १८१४ मध्ये डेन्मार्कच्या हातातून सुटला, पण लगेच स्वीडनशी जोडला गेला. स्वतंत्र व्हायला १९०५ साल उजाडलं. या नव्वद वर्षांत शहरातल्या शिकलेल्या माणसांनी आपलं नॉर्वेपण खेड्यांत शोधलं. टिडेमंड आणि गुडे या दोन चित्रकारांनी १८४८ मध्ये हार्डांगरच्या खाडीतून निघालेल्या लग्नाच्या वऱ्हाडाचं चित्र काढलं: नावेत नवरी, तिच्या डोक्यावर चांदीचा मुकुट, मागे पांढरे डोंगर. ते चित्र घराघरांत पोचलं आणि हार्डांगरचा वेश साऱ्या देशाचा वेश मानला जाऊ लागला. लेखिका हुल्डा गारबोर्ग हिला एकाच दरीचा वेश साऱ्या देशाच्या गळ्यात बांधणं पटलं नाही. १९०३ मध्ये तिनं नॉर्वेजियन पोशाखावर एक छोटं पुस्तक काढलं. तिचा आग्रह असा की प्रत्येकीनं आपल्या मुलखातला जुना वेश शोधावा, देशात विणलेलं लोकरी कापड वापरावं, आणि गरज पडेल तिथं तो सुटसुटीत करून घ्यावा. लोकनृत्याच्या वर्गांतून आणि तरुण मंडळांतून हा वेश पसरला. त्याचं नाव ‘बुनाद’.

बुनाद म्हणजे लोकरीचा झगा किंवा घागरा, त्यावर भरतकाम, पांढरा सदरा, आणि छातीवर चांदीच्या झुलत्या पदकांचे ब्रोच. मुलखागणिक तो वेगळा. आज त्याचे चारशेहून अधिक प्रकार मोजतात. त्यातले काही जुन्या वेशांतून जवळजवळ अखंड आलेले, काही पेटीत सापडलेल्या एखाद्या चोळीवरून किंवा चित्रावरून जुळवलेले, काही सरळ विसाव्या शतकात नव्यानं रचलेले. यावर वाद होणारच. १९४७ मध्ये सरकारनं बुनादच्या प्रश्नांवर सल्ला द्यायला चक्क एक समिती नेमली. ती समिती आजही वेगळ्या नावानं काम करते. चुकीचे बूट, गॉगल किंवा भलतीच पिशवी दिसली की टोकणाऱ्या हौशी मंडळींना तिकडे ‘बुनाद पोलीस’ म्हणतात. १७ मे या राज्यघटनेच्या दिवशी सकाळी मुलांच्या मिरवणुका निघतात, त्या दिवशी रस्ते बुनादनं भरून जातात. घरात मात्र बुनाद येतो तो बहुधा कन्फर्मेशनच्या वेळी. मूल चौदा-पंधराचं झालं की चर्चमध्ये किंवा धर्मनिरपेक्ष समारंभात हा विधी होतो, आणि आजी-आजोबा, आई-बाप मिळून नातीला बुनाद देतात. पुढे तोच लग्नाला, तोच नातवंडांच्या नामकरणाला. अंग वाढेल हे धरूनच शिवणीत कापड सोडलेलं असतं. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं बुनादचं कसब आणि तो घालण्याची रीत या दोहोंची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

गारबोर्गबाईंच्या उद्योगातली गोम अशी की रोज तो वेश घालणाऱ्यांनी तो सोडायला सुरुवात केल्यावरच शहरातल्यांनी तो सणासाठी उचलला. महाराष्ट्रातल्या नऊवारीचं शंभर वर्षांतलं चरित्र जवळपास याच वळणानं गेलं आहे.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. परकर नाही, पिन नाही, नाडी नाही. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, आणि दोन पायांमधून मागे नेऊन खोचलेला काष्टा. शेतात खुरपायला, घोड्यावर बसायला, नदीवर वाकायला मोकळी असलेली ही नेसण. तिच्या तऱ्हाही कामाप्रमाणे आणि जातीप्रमाणे बदलत. कोळणीची नऊवारी गुडघ्यापर्यंत आखूड, कारण चिखलात आणि होडीत वावरायचं. ब्राह्मणी नेसण घोट्यापर्यंत, ओचा काढलेली. मराठा घराण्यांची आणखी वेगळी. आणि कापडही हजार मुलखांचं: इरकल, महेश्वरी, नारायणपेठी, साधं सुती चौकड्यांचं लुगडं. चोळीचा खण गुळेदगुड्डचा. महाराष्ट्राचा म्हणवणारा हा वेश आज कर्नाटकात, मध्य प्रदेशात, तेलंगणात असलेल्या मागांवर विणला गेला.

परदेशात ही नेसण गेली तेव्हा पहिली अडचण आली ती थंडीची. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर व्हायला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तिकडचा गारठा हाडांत शिरणारा, म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीनं गोल नेसायला घेतली. पाश्चात्त्य झग्यात शिरण्याऐवजी त्या साडीतच राहिल्या. ऑक्टोबर १८८५ मध्ये त्यांच्या कॉलेजात काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे: साडीतल्या आनंदीबाई, जपानी किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियन वेशातल्या सबात इस्लामबूली, तिघी शेजारी बसलेल्या.

गोल साडीची वाट मुंबईतून आधीच निघाली होती. सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर १८६४ मध्ये मुंबईत आलेल्या ज्ञानदानंदिनी देवींनी पारशी बायकांची नेसण पाहून आपली नवी नेसण बसवली आणि ती बंगालात नेली. महाराष्ट्रात मात्र नऊवारी आणखी बरीच वर्षं घराबाहेरही टिकून होती. रंगभूमीवर तर तिनं मिजासच केली. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि बालगंधर्व नायिका म्हणून ज्या साड्या नेसत, जी नथ घालत, जसा खोपा घालत, त्याची नक्कल प्रेक्षागारातल्या बायका घरी जाऊन करत. पुरुषानं नेसलेल्या नऊवारीनं बायकांची फॅशन ठरवावी, हा मराठी पोशाखाच्या इतिहासातला खास मराठी प्रकार.

मग शाळा, कॉलेज, कचेऱ्या आणि लोकल गाड्या आल्या. पाचवारी स्वस्त, परकरावर झटपट नेसता येणारी, आणि ‘सुधारलेली’. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावापासून शहरी मध्यमवर्गातल्या मुली तिच्याकडे वळल्या आणि स्वातंत्र्यानंतर हा कल वेगानं वाढला. घरात नऊवारी उरली ती आजीच्या अंगावर. शेतमजूर बायका, मासळीबाजारातल्या कोळणी, वारीत चालणाऱ्या म्हाताऱ्या, फडावरच्या लावणीवाल्या यांनी मात्र ती रोज नेसणं चालूच ठेवलं, आणि त्याबद्दल त्यांना कुणी परंपरेच्या रक्षक म्हटलं नाही. मध्यमवर्गाला नऊवारी आठवली ती आपल्या घरातून ती गेल्यावर.

ती आठवण पक्की केली मिरवणुकीनं आणि टीव्हीनं. विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि तिचं लोण गिरगाव, ठाणे, पुणे असं पसरलं. नऊवारी नेसून, नथ घालून, फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या मुली वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आल्या. नॉर्वेतली १७ मेची सकाळ आणि गिरगावातली पाडव्याची सकाळ यांत लोकरीच्या आणि जरीच्या फरकापलीकडे बरंच साम्य आहे. २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि आदेश बांदेकर घरोघरच्या वहिनींना पैठणी देऊ लागले. पैठणी ही सरदार घराण्यांची चीज होती. ती चाळीतल्या आणि सोसायटीतल्या प्रत्येकीच्या इच्छांच्या यादीत आली. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी नऊवारीत एकत्र नाचल्या, त्यावरून पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. नऊवारी कशी असावी यावरून मराठी घरांत रंगलेल्या चर्चा नॉर्वेच्या बुनाद पोलिसांना परक्या वाटल्या नसत्या.

नऊवारी हवी होती, पण नेसता येत नव्हती. इथं पुण्या-मुंबईच्या शिंप्यांनी आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांनी तोड काढली: शिवलेली नऊवारी. साडी कापून दोन पायांचा सलवारीसारखा घेर शिवायचा, त्यावर निऱ्या एकसारख्या घालून टाके मारायचे, काष्टा जागेवर पक्का करायचा, काठ नेमका मधोमध येईल असा बसवायचा, आणि कमरेला नाडी किंवा हुक लावायचा. पदर तेवढा मोकळा. पायात घालायची, बांधायची, पदर पिन करायचा, काम झालं. मापं लागतात ती कंबर, सीट आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची. शिंप्यांकडे त्याचे प्रकार नावानं मिळतात: पेशवाई, ब्राह्मणी, राजलक्ष्मी, मस्तानी. यांतली काही नावं घराण्यांच्या नेसणीवरून आली, काही कॅटलॉगातून. हौशी गिऱ्हाइकाच्या मागणीवरून आतल्या बाजूला मोबाईलचा खिसाही शिवून मिळतो. जुन्या बायका नाक मुरडतात. त्यांच्या मते काष्टा शिवला की तो चोळणाच झाला. पण नेसवायला घरात कुणी उरलं नाही तेव्हा हीच नऊवारी मुलींच्या अंगावर आली, हेही खरं.

मिल्टन कीन्सला ती अगदी फिट बसली.

हे शहर मुळात आखून वसवलेलं. २३ जानेवारी १९६७ रोजी सरकारनं त्याची जागा जाहीर केली. लंडनची दाटी कमी करायला बकिंगहॅमशायरच्या शेतात अडीच लाख माणसांचं गाव उभं करायचं होतं. ब्लेचली, वुल्व्हर्टन आणि स्टोनी स्ट्रॅटफर्ड ही जुनी गावं त्यात आली, आणि नाव दिलं ते हद्दीतल्या एका चिमुकल्या खेड्याचं. सरळ आडव्या-उभ्या रस्त्यांच्या जाळ्यात सुमारे किलोमीटरभर बाजूचे चौकोन, रस्त्यांना एच आणि व्ही ही अक्षरं आणि आकडे, आणि चौकांऐवजी वाहतुकीची वर्तुळं. १९७८ मध्ये इथं केलेल्या सिमेंटच्या गाईंवरून देशभर विनोद झाले. २०२१ च्या जनगणनेत वस्ती २ लाख ८७ हजारांवर गेली, आणि २०२२ मध्ये राणीच्या प्लॅटिनम महोत्सवानिमित्त त्याला ‘सिटी’चा दर्जा मिळाला. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय, बँकांची आणि रेल्वेची मोठी कार्यालयं, लंडनला तासाच्या आत पोचणारी गाडी. संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांमागून आलेल्या मराठी कुटुंबांना हे सोयीचं पडलं. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची, तिकडे मराठी माणसांच्या दोन-तीन पिढ्या रुजलेल्या. मिल्टन कीन्समधली बहुतेक मराठी घरं मात्र याच शतकात थाटलेली. इथं कुणाच्याच आजोबांचं घर नाही, त्यामुळे घरचं कार्य म्हणजे भाड्याचं कम्युनिटी सेंटर, स्वतः मांडलेल्या खुर्च्या आणि ठरल्या वेळी रिकामा करून द्यायचा हॉल.

इथं पंचांगालाही वाकावं लागतं. बारसं बाराव्या दिवशी क्वचित होतं. भारतातून आजी-आजोबा येणार, त्यांचा व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा, हॉल शनिवारी मिळणार. हे सगळं जुळेल तो मुहूर्त. तोवर बाळ मान धरू लागतं. आजीच्या बॅगेतून खणाची कुंची येते, तिला जरीचा काठ आणि मोत्यांची लड, बांधायला बंद. डोकं आणि पाठ झाकणारी ही शिवण थंड देशात अगदी उपयोगाची. संक्रांत तर ऐन जानेवारीत. बोरन्हाणासाठी काळं झबलं, हलव्याचा मुकुट आणि बाजूबंद पुण्याहून येतात. बोरांच्या जागी चुरमुऱ्यांत चॉकलेटं मिसळली की मुलांची झुंबड उडते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कार्य करायला मोकळीक असल्यामुळे एखादा तरी रविवार मिळतोच. मंगळागौरीचं जास्त अवघड. श्रावण जुलै-ऑगस्टमध्ये, आणि इंग्लंडातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. निम्म्याअधिक बायका त्या वेळी भारतात असतात. मग झिम्मा-फुगडीचे खेळ गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात जाऊन बसतात.

अशा दिवशी शिवलेल्या नऊवारीचे गुण कळतात. आतून जाड लेगिंग घातली तरी बाहेरून पत्ता लागत नाही. पार्किंगपासून हॉलपर्यंत पावसात चालता येतं. फुगडी घालताना निरी सुटायची भीती नाही, आणि सहा वर्षांच्या मुलीला तयार करायला पाच मिनिटं पुरतात. मुलांच्या डोक्यावर आयता शिवलेला फेटा चढतो. आनंदीबाईंनी थंडीपायी काष्टा सोडला होता. तसल्याच थंडीच्या देशात तो शिवून परत आला.

आता मूळ प्रश्न. नऊवारी घालणाऱ्या वाढल्या, म्हणजे विणणाऱ्यांचं भलं झालं का? ओल्नीत या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या होत्या: लेस घालणारे दूर, विणणाऱ्या उपाशी, आणि यंत्र आलं तेव्हा विणकरणींच्या बाजूनं उभं राहायला त्यांच्या स्वतःच्या समारंभात लेसची सक्ती नव्हती. पैठणीचंही तसंच होऊ शकतं. पैठणच्या विणकरांना सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी येवल्यात वसवलं. पेशव्यांनी आणि पुढे निजामानं आश्रय दिला. खऱ्या पैठणीत पदराची नक्षी मागावर हातानं भरतात, दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि असावली, बांगडी-मोर, मुनिया अशा नक्ष्यांचा पदर व्हायला नक्षीप्रमाणे आठवडे किंवा महिने लागतात. पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. पण बाजारात पैठणी म्हणून जे विकलं जातं त्यात यंत्रमागाचं कापड पुष्कळ असतं, आणि शिवलेली नऊवारी तर बहुधा अशाच कापडाची. हातमागाची महागडी पैठणी कापून तिला हुक लावायचा, हे धाडस फारसं कुणी करत नाही. म्हणजे वेश टिकला तो कापड बदलून.

नॉर्वेलाही हा तिढा चुकलेला नाही. आशियात स्वस्तात भरतकाम करून आणलेल्या बुनादवरून तिथं वर्षानुवर्षं भांडणं आहेत. तरी तिथं दोन गोष्टी कामी आल्या. हस्तकलेची दुकानं आणि संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उभ्या राहिल्या, त्यांनी कापडाच्या आणि भरतकामाच्या खात्रीची जबाबदारी घेतली. आणि बुनादचा तुकडा न् तुकडा दुकानातून आणण्याऐवजी सदऱ्याचं किंवा घागऱ्याचं भरतकाम आजी, आई, मुलगी स्वतः वर्गांत बसून शिकतात. घालणारे आणि बनवणारे एकाच घरात असण्याची सोय राहिली.

मिल्टन कीन्सच्या मराठी बायकांत हातशिवणीची अशी शिस्त नाही, पण मापं पाठवण्यात त्या आता तरबेज झाल्या आहेत. पुण्या-डोंबिवलीच्या शिवणाऱ्या बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर कंबर, सीट, उंची जाते. सोबत दोन सूचना हमखास असतात. मुलीच्या नऊवारीला खाली घडी घालून चार-पाच इंच आणि कमरेच्या शिवणीत भरपूर माया सोडा, पुढच्या वर्षीही चालली पाहिजे. आणि आजीची जुनी सुती नऊवारी सोबत पाठवली आहे. ती कापू नका, तिच्या काठाची फक्त कुंची शिवा, मार्चमध्ये बारसं आहे.